माळकऱ्याची राखण

सावळखेडच्या तलावातले मासे राखायला गावाने जानराव माळ्याला नेमलं, त्याचं कारण एकच: जानराव मासे खात नव्हता. नुसता खात नव्हता असं नाही. मलकापूरच्या बाजारात मासळीवाल्या बाया दिसल्या की तो उपरण्याचा बोळा नाकाशी धरून लांबचा वळसा घालायचा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि पन्नाशी उलटली तरी मासळीला बोट लागलेलं नाही. सरपंच हिंमतराव चावडीत म्हणाले, "जो खातच नाई, तो चोरीन कायले?" सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं बिनतोड बोलणं त्या चावडीत वर्षातून एखाद्या वेळीच व्हायचं, त्यामुळे त्यात काही खोट असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

जानरावच्या अंगी आणखी एक गुण होता, आणि त्याचा सगळ्या गावाला अनुभव होता. तो कुणावर म्हणजे कुणावर विश्वास ठेवत नसे. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा, दहा पावलं जाऊन परत यायचा आणि चौथ्यांदा ओढायचा. त्याच्या वांग्याच्या वाफ्यांभोवती तो रोज संध्याकाळी बाभळीची काटेरी फांदी फिरवून माती सारखी करून ठेवायचा आणि सकाळी उकिडवा बसून पावलं वाचायचा. हे कुत्रं, हा शेजारचा भगवंतराव, ही भगवंतरावची शेळी. एकदा त्याने चोर पकडला तर ती पावलं त्याच्याच बायकोची, कौशल्याबाईची निघाली. ती बिचारी घरच्याच भाजीला दोन वांगी तोडायला गेली होती. "मले सांगून काऊन नाई गेली?" एवढं एक वाक्य जानरावने त्यानंतर आठ दिवस चालवलं.

महाराष्ट्राचं राज्य होऊन तीन वर्षं झाली होती आणि जिल्हा परिषद तर अगदी कालची. नवी खाती, नव्या जीपगाड्या, नव्या योजना. त्यातलीच एक तलावाची होती. घाटाच्या पायथ्याशी असलेला सावळखेडचा तलाव इंग्रजांच्या वेळी दुष्काळी कामावर बांधलेला. त्यात गुरं पाणी प्यायची, बाया धुणं धुवायच्या आणि गावातली भोयांची सात घरं त्यात जाळं टाकून पोट भरायची. आता सरकार त्यात कटला-रोहूचं बीज सोडणार होतं. शिमगा झाला, पाणी उतरलं की जाळं ओढून पाहायचं. मासे वाढलेले निघाले तर तलाव कायमचा भोयांच्या सोसायटीला. नाही निघाले तर लिलाव, आणि लिलावात मलकापूरचा ठेकेदार आल्यावर भोयांना तलावाच्या काठावर उभं राहायचीही सोय उरणार नव्हती. तोवर जाळी बंद, आणि राखणीला जानराव.

आषाढ संपताना कलकत्त्याहून रेल्वेने मलकापूरला आणि तिथून जीपने बीज आलं. पत्र्याचे डबे, डब्यांत पाणी, पाण्यात नखाएवढे बिनरंगाचे जीव. मत्स्य खात्याचे साहेब गुडघाभर पाण्यात उभे राहून डब्यातलं पाणी आणि तलावातलं पाणी हळूहळू एक करत होते. त्यांच्याशेजारी लुगड्याचा काष्टा मारून भोयांची केसरबाई उभी होती. नवरा मेल्यापासून सातही घरांचं बोलणं तीच करायची, आणि गळ टाकण्यात तिचा हात धरणारा पुरुष पंचक्रोशीत नव्हता. ती साहेबांना वाकून काहीतरी सांगत होती, पाण्याकडे बोट दाखवत होती. साहेब हसले आणि मान हलवून काहीतरी बोलले.

काय बोलले ते जानरावला ऐकू आलं नाही. वास नको म्हणून तो वाऱ्याच्या उलट बाजूला, शंभर पावलांवर, नाकाला उपरणं लावून उभा होता. पण हसणं त्याला स्पष्ट दिसलं. घरी येऊन तो कौशल्याबाईला म्हणाला, "साहेब फितला."

"कोनाले फितला?"

"केसरबाईले. दोघं हासत होते. सरकारी मानूस भोयनीसंगं कायले हासते?"

"तुमीबी एखांद्या वक्ती हासून पाहा," कौशल्याबाई म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून जानरावने तलाव आपल्या वांग्याच्या वाफ्यासारखा चालवायला घेतला. दिवस मावळायच्या आत काठाकाठाने बाभळीची फांदी ओढत पुरी फेरी मारायची आणि उजाडताच पावलं वाचायची. पायवाटेवर दोन झुडपांना कापसाचं सूत बांधून ठेवायचं. तुटलं तर कोणीतरी गेलं. धुणं धुवायला आलेल्या बायांची पाटी तो उपडी करून बघायचा. गुराख्यांच्या खिशांत हात घालायचा. गावात कुणाच्या घरून खमंग धूर आला की दाराशी जाऊन उभा राहायचा. एकदा आत सुकट भाजत होते, तर ती विकत कुठून आणली हे विचारून आला. बगळ्यांवरही त्याचा डोळा होता, पण बगळ्यांना चावडीवर नेता येत नाही याचं त्याला वाईट वाटायचं.

मनाला टोचत होती ती वेगळीच गोष्ट. सोडलेलं बीज दिसतच नव्हतं. डब्यांतून पाण्यात गेलं आणि पाणीच झालं. रोज तो काठावर वाकून बघायचा, आणि रोज तेच गढूळ पाणी. साहेबाने डबे रिकामेच आणले होते की काय, असाही संशय त्याने दोन रात्री उशाशी घेतला.

मग श्रावणात एका सकाळी, पानकणसाच्या बेटाजवळ, त्याला ती दिसली. पाण्याच्या अगदी वरच्या थरात तांबड्या-केशरी पिलांचा घोळका, हजारभर तरी असतील, सुपाएवढा एक लालभडक डाग होऊन हळूहळू सरकत होता. मध्येच सगळी मिळून वर यायची, पाणी उकळल्यासारखं व्हायचं, पुन्हा खाली. आणि त्यांच्या खाली एक मोठी काळी सावली स्थिर उभी. बेडूक जवळ आला की ती सावली बाणासारखी सुटायची, बेडूक पळायचा, आणि सावली परत पिलांखाली येऊन थांबायची.

जानराव काठावर उकिडवा बसला. हेच ते बीज! वाढलं, रंगाला आलं, आणि कलकत्त्याहून त्यांची आईही बहुधा डब्यातून सोबत आली असावी. जिवाला जीव देऊन राखणारी ती आई तो बराच वेळ बघत राहिला. इतकी वर्षं आपण एकटेच राखण करतो आहोत असं त्याला वाटायचं. आता पाण्यात त्याला आपल्यासारखंच कोणीतरी भेटलं होतं. त्या दिवसापासून तो भाकरीचा चुरा उपरण्याच्या गाठीला बांधून नेऊ लागला. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही, कौशल्याबाईलासुद्धा नाही. बाईच्या तोंडून भोयवाड्यात जायला कितीसा वेळ लागतो?

आठ-दहा दिवसांनी सकाळी काठावर पावलं उमटली. अनवाणी, रुंद पंजा, टाचेला भेग. जानरावने ती पावलं ओळखली आणि त्याला जवळजवळ आनंदच झाला. इतके दिवस संशय नुसताच फिरत होता, आता त्याला घर मिळालं. तो पानकणसाच्या बेटामागे दबून बसला. भर दुपारी केसरबाई आली. हातात काठीचा गळ, गळाला जिवंत बेडकी. तिने बेडकी त्या लाल घोळक्यावरून अलगद नाचवली. काळी सावली उसळली. दोन झटक्यांत हातभर लांबीचा काळा मासा काठावर तडफडत पडला, आणि पाण्यातला लाल डाग सैरावैरा फुटला.

"सापडली!" जानराव एवढ्या जोराने ओरडला की स्वतःच दचकला. "सरकारी मासा मारून राह्यली? लेकरावाली माय मारून राह्यली?"

केसरबाई पळाली नाही. उलट तिने मासा टोपलीत टाकला, वर ओलं गवत पसरलं आणि म्हणाली, "जानरावभाऊ, हे सरकारी नाई. मरळ हाय. हेच तं चोर हाय. तुमचं बीज हेच खाऊन राह्यली. साहेबानं सांगतलं मले, मरळ दिसली का काढत जाय म्हून."

"कागद हाय?"

"तोंडानं बोलले साहेब. तुमी तथीच होते ना!"

जानराव होता खरा, शंभर पावलांवर. पण हे त्याने कबूल केलं नाही. हसला मनातल्या मनात. चोर पकडला, तर चोर म्हणतो मालच चोर! असली बनवाबनवी त्याने वांग्यांच्या चोरांकडूनही ऐकली नव्हती.

"आनं ते लाल पिलं?"

"तिचेच हायेत. मोठे झाले का तेबी खातीन."

"चाल चावडीवर," जानराव म्हणाला.

चावडी मारुतीच्या देवळाला लागून, एकच ओटा. तिथे मासळी नेत नसत. गावाची रीतच होती ती, भोयीसुद्धा टोपली खाली ठेवून मगच पायरीशी यायचे. केसरबाईने टोपली लिंबाखाली ठेवली आणि ती पायरीवर उभी राहिली. पंच जमायला दोन तास लागले. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "एकडाव टोपलीत पाहा. अजून जित्ती हाय ते. पान्याबाहीर इतका वेळ मरळीबिगर कोन जगते? पाहा तरी." पण पंचांपैकी निम्मे माळकरी, उरलेल्या निम्म्यांना मासळी खातो हे चारचौघांत दाखवायचं नव्हतं. कोण उठून टोपलीत डोकावणार?

हिंमतरावांनी जानरावला विचारलं, "तू डोयानं पाह्यलं?"

"माळेची आन. सरकारी पिलं राखनारी माय हिनं गळाले लावली."

माळकरी माणूस माळेची शपथ घेऊन खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि जानराव खरंच खोटं बोलत नव्हता. पंचांनी ठरवलं: शिमग्यापर्यंत एकाही भोयाने तलावाच्या काठावर पाय ठेवायचा नाही. केसरबाईचा गळ चावडीच्या माळ्यावर टाकला गेला. पायरीवरून वळताना ती म्हणाली, "तुमी लबाड नाई, भाऊ. पन मासे ओयखत नाई तुमी. आमचा तलाव जाईन यानं."

टोपली उलटी करायला जानराव स्वतः तलावावर गेला. एका हाताने नाक, दुसऱ्या हाताने टोपलीचा काठ. मासा पाण्यात पडला, क्षणभर आडवा राहिला आणि शेपटी मारून खोल गेला. इतक्या वेळाने जिवंत! जानरावने हात जोडले. ही देवाचीच करणी, असं त्याला वाटलं.

पुढचे सहा महिने त्याने जी राखण केली, तशी राखण त्या तलावाची कधी झाली नव्हती. भोयांच्या घरांतली माणसं मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाऊ लागली, काही खामगावकडे गेली. काठावर ना गळ, ना जाळं, ना पाऊल. संध्याकाळी पाण्यात मोठमोठे फटके बसायचे आणि जानराव बांधावर बसून अभिमानाने ते ऐकायचा. कधीकधी मात्र त्याला वाटायचं की पूर्वी काठाशी बारीक मासोळ्यांची चमचम दिसायची ती आता दिसत नाही. बेडकांचा आवाजही कमी झाला होता. मग त्याचा संशय लगेच जागा व्हायचा: भगवंतराव? गुराखी? की भोयी जिनिंगचं नाव सांगून दुसऱ्या बाजूने येत होते? तो फांदी आणखी एक फेरी ओढायचा. माती सकाळी कोरी असायची, आणि कोरी माती पाहून तो जास्तच अस्वस्थ व्हायचा.

शिमगा झाला. पाणी उतरून तलाव निम्म्यावर आला. पहिल्या साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब बुलढाण्याहून जीपने आले, तरुण, चष्मेवाले, कागदाला कागद जोडणारे. पंच आले, गाव आलं. भोयांना त्या दिवसापुरतं काठावर येऊ दिलं, कारण मोठं जाळं ओढायला दुसरं कोणाला येत नव्हतं. जानराव धुतलेलं धोतर नेसून आला होता. आज पहिल्यांदाच तो वाऱ्याच्या उलट बाजूला न थांबता जाळ्याजवळ उभा राहिला, कारण पीक त्याचं होतं.

जाळं काठाला लागलं. आत उसळत होते ते सगळे काळे, लांबोडे, सापासारख्या डोक्याचे. वीस, पंचवीस, तीस. चंदेरी खवल्यांचे मासे मोजून चार निघाले.

"ह्या सगळ्या मरळ!" साहेब म्हणाले. "बीज कुठं आहे?"

केसरबाईने एक मोठी मरळ उचलली, दगडावर ठेवली आणि विळ्याने पोट फाडलं. आतून वीतभर लांबीचा एक चंदेरी मासा निघाला, अर्धा विरघळलेला, पण खवले अजून चमकत होते. "हे पाहा तुमचं रोहू," ती साहेबांना म्हणाली. बोलली साहेबांशी, पण तिची नजर जानरावकडे होती.

जानरावने उपरणं नाकाला लावलं नाही. ज्याची आठ महिने राखण केली तो मासा तो आज पहिल्यांदा बघत होता. "साहेब," त्याने हळूच विचारलं, "या मरळीचे पिलं कोन्या रंगाचे असते?"

"लालभडक. घोळक्यानं फिरतात, आई खाली पहारा देते. का हो?"

"काई नाई," जानराव म्हणाला.

कागद करायला सगळे चावडीत बसले. केसरबाई पायरीवर, आणि एका मरळीची टोपली, रीतीप्रमाणे, बाहेर लिंबाखाली. साहेबांनी दौत उघडली. मरळी इतक्या वाढल्या कशा, हे लिहायचं होतं. हिंमतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "लिहा साहेब, भोयांनीच मरळी आनून सोडल्याचा संशय. मरळ खपते बाजारात, आमाले माहीत हाय. तेच्यातून एक बाई तं गळासंगं धरली होती जानरावनं." पंचांनी माना डोलावल्या. ती पिलं लाल होती हे जानराव आणि केसरबाईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि केसरबाईचं इथे ऐकतंय कोण?

संशय. जन्मभर जानरावने तो शब्द घरच्या भाकरीसारखा खाल्ला होता. आज तोच दुसऱ्याच्या तोंडातून ऐकताना त्याला आंबलेला लागला. साहेबांचा टाक कागदावर टेकला. गप्प बसलं की झालं असतं. माळकऱ्याचं नाव राहिलं असतं, आणि भोयांचा तलाव गेला असता.

तो उठला, बाहेर गेला, आणि दोन्ही हातांनी ती टोपली उचलली. पायरी चढून तो चावडीत आला. कुणीतरी "अरे, अरे, जानराव!" म्हणेपर्यंत टोपली सरपंचांच्या पुढ्यात सतरंजीवर टेकली होती. त्याने ओलं गवत बाजूला केलं. मरळीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"पाहा," जानराव म्हणाला. "अर्धा पाहर झाला, अजून जित्ती हाय. तवाचीबी अशीच होती. हे बाई घसा कोरडा करून सांगत होती, टोपलीत पाहा म्हून. म्या पाहू नाई देल्लं. म्या सोताच्या हातानं तिले पान्यात सोडलं. तिच्या पिलाइले म्या भाकरीचा चुरा चारला, साहेब. भोयाइचं नाव खोडा. लिहा, राखनदारानंच मरळ राखली."

मागच्या बाजूला एकाला हसू फुटलं, मग दुसऱ्याला, आणि बघता बघता सगळी चावडी हसली. जानराव मान खाली घालून हसणं संपेपर्यंत उभा राहिला. साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली, थोडा विचार केला आणि नवी लिहिली: भोयांना लावून तलावातल्या मरळी काढाव्यात, पुढच्या आषाढात पुन्हा बीज सोडावं, तोवर लिलाव नको. राखणीला कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा हिंमतराव काही बोलायच्या आत जानराव म्हणाला, "केसरबाईले ठेवा. तिले मासे ओयखता येते."

मग तो टोपली घेऊन पायरी उतरला आणि केसरबाईच्या हातात दिली. तिने ती कमरेवर घेतली. "तवाच आनली असती आत," ती म्हणाली, "तं आमचे मानसं जिनिंगात नसते गेले." तिच्या बोलण्यात माफी नव्हती आणि जानरावने ती मागितलीही नाही. तो तिचा गळ माळ्यावरून काढायला परत आत गेला.

घरी कौशल्याबाईने त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि नाक मुरडलं. "अगं बाई! तुमच्या हाताले मासोळीचा वास येऊन राह्यला."

जानरावने हात नाकाशी नेले, श्वास आत घेतला, आणि तसेच मांडीवर ठेवले.

"येऊ दे," तो म्हणाला.